बर्मिंगहॅमच्या बॅक टू बॅक्सची टूर: आईला घेऊन गेले, तुम्हीपण जा

मागच्या महिन्यात आई इकडे आलेली तेव्हा तिला घेऊन हर्स्ट स्ट्रीटवरच्या बॅक टू बॅक्सची, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेल्या कामगारांच्या जुन्या घरांची, टूर केली आणि खरं सांगते, इतकी वर्षं इंग्लंडात राहून व्हिक्टोरियन काळ मला पहिल्यांदा तिथे कळला. त्याआधी आम्ही एका मोठ्या वाड्यात गेलेलो (नाव नको), तिथे चांदीची भांडी, झुंबरं, बाईसाहेबांचे झगे सगळं दाखवलं, पण मोलकरणी झोपायच्या तो माळा बंद.

इथे उलट आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने हे २००४ ला लोकांसाठी उघडलं, कोर्ट १५ म्हणतात याला (कोर्ट म्हणजे इथे अंगण). एका अंगणाभोवती ११ घरं, पुढच्या आणि मागच्या घराला भिंत एकच म्हणून बॅक टू बॅक. एका मजल्यावर एक खोली, मागे खिडकीच नाही, त्यामुळे वारा आरपार जायची सोयच नाही. एके काळी इथे साठच्या वर माणसं राहायची आणि संडास अंगणात, सगळ्यांना मिळून.

प्रत्येक घर वेगळ्या काळातलं लावलंय. १८४० च्या दशकातलं लेव्ही कुटुंबाचं, ते घड्याळाच्या कामातले. मग १८७० च्या दशकातलं हर्बर्ट ओल्डफील्डचं, आणि हा माणूस काचेचे डोळे करायचा! बाहुल्यांसाठी, पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठी, आणि ज्यांचा डोळा गेलाय अशा माणसांसाठीसुद्धा. मी वाकून बघत राहिले. एवढं बारीक काम करणारा कारागीर आणि राहायला ही जागा, त्यात परत भाडेकरू ठेवलेले.

पण आई थांबली ती धुण्याच्या खोलीत. त्या खोलीला ब्र्यूहाउस म्हणतात. विटांच्या चुलीत बसवलेला मोठा हंडा, खाली जाळ करायचा, पाणी भरून आणायचं, कपडे उकळायचे, मग टबात घालून लाकडी दांड्याने घुसळायचे आणि मँगलच्या दोन रुळांमधून फिरवून पिळायचे. आई लालबागच्या चाळीत वाढलेली, तिने लगेच विचारलं, "पाळी ठरलेली असेल ना गं?" मी गाईडबाईंना विचारलं, तर हो, प्रत्येक घराचा वार ठरलेला. आई नुसती मान हलवून त्या हंड्याच्या काठावरून हात फिरवत राहिली.

आणि ह्याच काळात खाऊनपिऊन सुखी असलेली मंडळी सांगायची की गरीब हा आळसामुळे, दारूमुळे, घाणेरडेपणामुळे गरीब असतो. गरिबांच्या मदतीबद्दलच्या १८३४ च्या कायद्याचा रोख तर असा की धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या जागेत, जावं, आणि आत गेलं की नवरा, बायको, मुलं वेगवेगळी. अहो पण सगळ्या अंगणाला मिळून एक हंडा, त्यात पाळीने आठवड्यातून एक दिवस मिळणार, तर ती बाई स्वच्छ राहणार कशी? हे वाचून कळत नाही, त्या खोलीत उभं राहिलं की कळतं. जोसेफ चेंबरलेन १८७३ ते ७६ इथला महापौर होता, त्याने गॅस आणि पाणी पालिकेच्या ताब्यात आणलं ते फार मोठं काम, पण जुन्या वस्त्या पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट काढली तेव्हा तिथल्या माणसांना बदली घरं काही बांधून दिली नाहीत. बॅक टू बॅक बांधायला देशभर बंदी आली ती थेट १९०९ मध्ये.

शेवटी जॉर्ज सॉन्डर्स यांचं टेलरिंगचं दुकान बघायला मिळतं, ते कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेले. ते घाईत उरकू नका.

बुकिंग आधी करा, ग्रुप छोटा असतो. जिने फार अरुंद आणि चढे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल, आई एकेका पायरीवर थांबत चढली. पण वरच्या खोलीतला पलंग बघितल्याशिवाय खाली यायला तयार नव्हती.