फाय२९ वालं रोलिंग सर्कल किट : एचपीव्हीच्या डीएनएवर सात-आठ महिने वापरून

एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेल्या व्हायरसचा) नुसता टाइप काढायचा असेल तर एमवाय०९/११ प्रायमरने (डीएनएची कॉपी सुरू करून देणारे छोटे तुकडे) एल१ जीनचा साधारण ४५० बेसचा तुकडा वाढवून सिक्वेन्सिंगला दिला की भागतं, पण आम्हाला एचपीव्ही १६ चा अख्खा ७९०० बेसचा गोल डीएनए हवा होता म्हणून हे किट घेतलं (यातलं फाय२९ एन्झाइम गोल डीएनएवर फिरत फिरत त्याच्या कॉपी काढत राहतं), आणि स्वॅबच्या ताज्या सॅम्पलवर ते खरंच भारी चालतं. पीसीआर मशीन अडकून पडत नाही, ३० डिग्रीला रात्रभर ठेवायचं, सकाळी एन्झाइम बंद करायला ६५ ला १० मिनिटं, झालं. ट्यूबमधलं द्रावण पिपेटच्या टोकाला लाळेसारखं ताणलं गेलं की समजायचं डीएनए भरपूर झालाय.

पण भरपूर झालाय म्हणजे व्हायरसचाच झालाय असं अजिबात नाही हं! यातले प्रायमर रँडम असतात, कुठल्याही डीएनएला चिकटतात, त्यामुळे निगेटिव्ह कंट्रोलमध्येसुद्धा (सॅम्पल न घातलेल्या ट्यूबमध्ये) काहीतरी वाढतंच, स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा बघून खूश होऊ नका. बॅमएचआय (डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम) लावा. ते एचपीव्ही १६ ला एकाच जागी कापतं, म्हणून ०.८ टक्के अगारोज जेलवर (यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) ८ केबीच्या (८००० बेसच्या) जरा खाली एकच ठसठशीत बँड यायला हवा. १६.५ केबीला आला तर तो मायटोकॉन्ड्रियाचा, तोही गोलच ना, आणि त्यालाही हे एन्झाइम एकदाच कापतं. जेल सावकाश पळवा नाहीतर वरचं सगळं चिकटून दिसतं. हा जेल आम्ही आता प्रत्येक सॅम्पलला करतोच.

सिहा पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशी) याची अपेक्षा ठेवू नका, त्यात व्हायरसच्या एक-दोनच कॉपी आणि त्याही माणसाच्या क्रोमोझोममध्ये घुसलेल्या, गोल काही उरलेलंच नाही तर फिरणार कशावर. जुन्या पॅराफिन ब्लॉकवरही (मेणात जपलेल्या टिश्यूवर) पैसे घालू नका, तिथे डीएनएचे तुकडे झालेले असतात, तिथे छोट्या तुकड्याचा पीसीआरच बरा.

आणि उन्हाळ्यात साध्या ड्राय बाथवर विसंबू नका, त्याला फक्त गरम करता येतं, खोलीच ३६ वर असेल तर ३० कुठून येणार, कूलिंग असलेला ब्लॉकच लागतो. एकदा पार्सल आलं तेव्हा बर्फाचं पार पाणी झालेलं, आम्ही घेतलंच नाही, परत पाठवलं. एन्झाइम उणे २० चं आहे, डबा सप्लायरच्या माणसासमोरच उघडा, आणि आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.