‘जुना कोरा माल’ म्हणून गळ्यात मारलेले इलेक्ट्रिकचे सुटे भाग

जुन्या स्पोर्ट्स कारसाठी जवळ बाळगायचे सुटे भाग ऑनलाइन मागवणार असाल, तर आधी हे वाचा. एका विक्रेत्याने मला ‘प्रवासाचा संच’ म्हणून रोटर (ठिणगीची वीज एकेका प्लगकडे वळवणारा फिरता तुकडा), सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), कॉइल (बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी), काचेचे फ्यूज आणि वायरची गुंडाळी असा सगळा माल विकला. साठच्या दशकात तयार झालेला, तेव्हापासून गोदामात पडून असलेला मूळ कंपनीचा कोरा माल आहे, असं त्याने छातीठोकपणे लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यातला एकही भाग त्या काळातला नव्हता. फ्यूज आणि वायर तर गाडीला आग लावतील अशा दर्जाची होती.

गाडी १९७२ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग, लुकास कंपनीचा २५डी४, इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. असल्या गाडीत इंजिन कितीही धडधाकट असलं तरी बोटभर लांबीचा रोटर गेला की गाडी जागच्या जागी उभी राहते. म्हणून सुटे भाग जवळ ठेवायचे. खोटे भाग विकणारा माणूस नेमक्या याच भरवशावर घाला घालतो, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आहे. हे भाग कोणी हौसेने बसवत नाही. गाडी बंद पडते, अंधार होत आलेला असतो, तेव्हाच ते डब्यातून बाहेर निघतात.

माझ्या बाबतीत तसंच झालं. पॉइंटची टाच (फिरत्या शाफ्टला टेकणारा भाग) घासून गॅप, म्हणजे पॉइंट उघडल्यावर पडणारी फट, जवळजवळ मिटला होता, इंजिन मिसिंग करत होतं. रस्त्याच्या कडेला डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली, संचातले नवे पॉइंट बसवले आणि हात घातलाच आहे तर रोटर आणि कंडेन्सरही बदलले. गाडी छान सुरू झाली. इंजिन तापलं तशी पुन्हा मिसिंग करू लागली आणि मग बंदच पडली. काढलेला जुना रोटर आणि कंडेन्सर टाकून दिले नव्हते म्हणून निभावलं. ते दोन्ही परत लावले, पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.०१५ इंचावर आणला आणि गाडी घरापर्यंत एकदाही अडखळली नाही. नवीन भागाने बंद पाडलेली गाडी जुन्या भागाने चालते, म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते कळलंच.

घरी आल्यावर एकेक वस्तू तपासली. रोटरच्या वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली होती. रिव्हेटचं खालचं टोक आत इतकं खोल गेलं होतं की ते आणि शाफ्टला धरणारी स्प्रिंग यांच्यात प्लॅस्टिकचा जेमतेम पापुद्रा उरला होता. हजारो व्होल्टचा करंट तेवढा पापुद्रा भेदून शाफ्टमधून सरळ अर्थला जातो, प्लगपर्यंत पोहोचतच नाही. त्यात स्वस्त काळ्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन जास्त असला तर ते स्वतःच वीज वाहू लागतं. रोटर उलटा धरून भिंग लावलं तेव्हा आत केसाएवढी जळकी रेघ दिसली.

ही तपासणी घरबसल्या करता येते. रोटर शाफ्टवर बसवा, कॅप काढलेली असू द्या. कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून तिचं टोक पितळी पट्टीपासून चार-पाच मिलिमीटरवर ठेवा. वायर उघड्या हाताने धरू नका, जाड रबर किंवा कोरड्या लाकडाच्या चिमट्यात धरा. आसपास पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. पट्टीवर ठिणगी पडत राहिली तर रोटर गळतोय, कारण चांगल्या रोटरला ती वीज जायला वाटच नसते. म्हणूनच आता बरेच जाणकार रिव्हेट नसलेला लाल रोटर वापरतात.

कंडेन्सरची मापं थंड असताना बरोबर होती, साधारण ०.२ मायक्रोफॅरड. हेअर ड्रायरने तापवला तर आकडा उड्या मारू लागला. कापून पाहिला, तर आतली वायर डाख न देता नुसती दाबून बसवलेली. असा कंडेन्सर दुकानात पास होतो आणि तापल्या इंजिनावर दगा देतो.

कॉइलवर बारा व्होल्ट लिहिलं होतं. प्रायमरी (कॉइलमधलं बारा व्होल्टच्या बाजूचं वेटोळं) मोजली तर दीड ओहम. माझ्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह आवरणारा जोड-रोध) नाही, तिला सुमारे तीन ओहमची कॉइल लागते. दीड ओहमची लावली तर पॉइंट बंद असताना चारऐवजी आठ अँपिअर वाहतात. कॉइल तापते, पॉइंट जळतात. ही कॉइल मी लावली नव्हती, हे नशीब.

फ्यूजकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे गाडी नुसती बंद पडत नाही. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहण्यासाठी तो १७ अँपिअरचाच. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असेल तर तो ३५ अँपिअर सतत वाहू देतो. मला आलेले फ्यूज या दुसऱ्या जातीचे होते, जुन्या नावाच्या पाकिटात भरलेले. शॉर्ट झाला असता तर फ्यूज शाबूत राहून डॅशबोर्डमागची वायर पेटली असती. वायरची गुंडाळीही तसलीच. ब्लेडने तार खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आत पांढरं अॅल्युमिनियम दिसलं. कलई केलेली खरी तांब्याची तार याच्या उलट असते, वरून चंदेरी आणि आतून लाल. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के, त्यामुळे त्याच जाडीत ती जास्त तापते.

खोक्यानेही पितळ उघडं पाडलं. कडा मुद्दाम घासून मळवलेल्या, छपाई मात्र ताजी. आणि माल साठच्या दशकातला म्हणताना मागे बारकोड! दुकानात वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो १९७४ साली.

विक्रेत्याला हे सगळं फोटोंसह कळवलं. आधी म्हणाला, तुम्ही चुकीचं बसवलं असेल. मग म्हणाला, इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही. त्यानंतर उत्तरच नाही. पैसे कार्डाने दिले होते, म्हणून बँकेकडे तक्रार करता आली. रोटरच्या जळक्या रेघेचा फोटो, कॉइलवर लावलेल्या मल्टीमीटरचा आकडा आणि मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडल्यावर रक्कम परत आली. जाहिरात तोवर काढून टाकलेली होती, त्यामुळे खरेदी करतानाच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. थेट खात्यात पैसे टाकायला सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आता माझ्या डब्यात जे आहे ते माझ्याच गाडीत चालवून, पुरतं तापवून मग काढून ठेवलेलं आहे. सीलबंद पाकीट एकही नाही. नवीन भाग आला की तोच गाडीत बसवतो आणि चालता जुना भाग डब्यात टाकतो.

तो संच दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आला आहे. फोटो तेच, खोक्याच्या कोपऱ्यावरचा तेलाचा डागही तोच. असा माल दिसला तर रोटरचा वरून आणि खालून काढलेला फोटो मागा आणि कॉइलची प्रायमरी किती ओहम आहे ते विचारा. माझ्या एका मित्राने एवढंच विचारलं, तर त्याला लगेच ब्लॉक केलं.