केटामाइन + पार्ट्स थेरपी: काही महिन्यांनंतरचा अनुभव (आणि त्या सिरिंज पंपाविषयी सविस्तर)

डिप्रेशनसाठी मी केटामाइन हे भुलीचं औषध शिरेतून घेतलं, त्याला पार्ट्स थेरपीची, म्हणजे आपल्या आतल्या वेगवेगळ्या आवाजांशी बोलण्याच्या पद्धतीची जोड दिली. विमा कंपनीनं त्याचा क्लेम फेटाळला. कारणं दोन दिलीत: उपचार 'प्रायोगिक' आहे आणि भरती 24 तासांपेक्षा कमी होती. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 21(4) मध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं स्पष्ट म्हटलंय. कंपनीकडं लेखी तक्रार दिलीय. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं जाणार, तिथं फी लागत नाही. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, एकेक पावती जपून ठेवलीय. तेव्हा पैशाचा विषय इथंच सोडते, कारण माझा खरा राग एका मशीनवर आहे.

आधी थोडं उपचाराबद्दल. जुनं डिप्रेशन, गोळ्या बदलून बदलून झाल्या होत्या. बेळगावच्या डॉक्टरांनी हुबळीच्या एका खाजगी हॉस्पिटलला पाठवलं. डोस नेहमीचाच, वजनाच्या किलोमागं अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून 40 मिनिटांत, यालाच इन्फ्युजन म्हणतात. त्याआधी कित्येक आठवडे पार्ट्सची थेरपी झालेली. थेरपिस्ट मॅडम बेळगावच्या, मराठी बोलणाऱ्या, इन्फ्युजनच्या दिवशी हुबळीला येऊन शेजारी बसायच्या. परत यायला माणूस लागतो, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. दरवेळी दाजी आले. बाहेरच्या बाकड्यावर पेपर वाचत बसायचे आणि मी बाहेर आले की एवढंच विचारायचे, "बरं वाटतंय की? चल, आधी च्या घेऊ."

काटकसर करणाऱ्यांसाठी सांगते. औषध स्वतः महाग नाही. केटामाइनचा शोध 1962 चा, 1970 पासून अमेरिकेत भुलीसाठी मंजूर, आपल्याकडंही ऑपरेशन थिएटरमध्ये रोजच्या वापरातलं. बिल होतं ते भूलतज्ज्ञ, मॉनिटर, बेड आणि मॅडमचा वेळ यांचं. हॉस्पिटलनं दुसऱ्या वेळी 'पॅकेज' सुचवलं, त्यात मॅडम नाहीत, फक्त इन्फ्युजन, बरंच स्वस्त. मी नाही म्हटलं आणि तो निर्णय बरोबर होता, का ते पुढं येईलच. आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात कुणी मशरूमची 'सेरेमनी' करून देतो म्हणालं तर जाऊ नका. ऑस्ट्रेलियानं जुलै 2023 पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन (त्या मशरूममधलं द्रव्य) आणि एमडीएमए (एक्स्टसी नावाची नशा) लिहून द्यायची मुभा दिलीय, पण आपल्याकडं ही दोन्ही 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहेत. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनंसुद्धा ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमए थेरपीला मंजुरी नाकारली. असल्या सेरेमनीत बीपी बघणारं कुणी नसतं आणि काही बिघडलं तर जबाबदार कुणी नसतं.

पार्ट्सची पद्धत रिचर्ड श्वार्ट्झ यांची, 1980 च्या दशकातली. ते मूळचे फॅमिली थेरपिस्ट. घरातल्या माणसांना ऐकून घ्यायची रीत त्यांनी एका माणसाच्या आतल्या आवाजांना लावली. त्यात तीन शब्द येतात: मॅनेजर म्हणजे सतत राखण करणारा भाग, फायरफायटर म्हणजे त्रास उफाळला की तो झटक्यात दाबणारा, आणि एक्झाईल म्हणजे आत दडवून ठेवलेला दुखावलेला भाग. माझा मॅनेजर म्हणजे एक बाई, सतत दाराकडं बघणारी, कान टवकारलेली. फायरफायटर झोप आणते, रविवार आख्खा झोपेत जायचा. एक्झाईलपर्यंत मात्र बोलून बोलून पोचता येत नव्हतं. मॅडम विचारायच्या, "ती बाई कुणाला राखतेय?" आणि माझं डोकं कोरं.

केटामाइनच्या पहिल्याच वेळी ते दिसलं. जून 1986. आमचं घर बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या वाटेवर. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, माणसं गेली, हिंडलग्यात त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. मी लहान. बाबा घरी आले नव्हते. आज्जीनं मला पलंगाखाली घेतलं आणि तोंडावर हात ठेवला, "आवाज करू नको बाळ, एक शब्द नको." बाबा पुढं सुखरूप आले. पण मला कुणी सांगितलं नाही की आता बोललीस तरी चालेल. ही गोष्ट घरात माहितीच होती, मीही दहा वेळा ऐकलेली. हॉस्पिटलच्या त्या खोलीत फरक असा झाला की मी ती आठवत नव्हते, त्या पोरीजवळ बसले होते आणि मला भीती वाटत नव्हती. पार्ट्सवाले ज्याला सेल्फ, म्हणजे आतला शांत 'मी' म्हणतात, ते हेच असावं. मॅडम हळू म्हणाल्या, "तिला विचारा, तिला काय हवंय?"

आणि पंप वाजला.

सिरिंज पंप म्हणजे औषध ठरलेल्या वेगानं शिरेत सोडणारं मशीन. सुई कोपराच्या खळीत लावली होती. हात जरा वाकला की नळी दाबली जाते, पंपाला अडथळा जाणवतो, अलार्म होतो. पंप बरोबर उशाशी. ती दारावरची बाई एका क्षणात उभी राहिली आणि पोरगी गेली. सिस्टरनं बटण दाबलं, हात सरळ केला. थोड्या वेळानं बीपीचा पट्टा फुगला. मग परत पंप. शेवटी औषध संपत आलं म्हणून तिसराच आवाज. चाळीस मिनिटांतली हाताशी आलेली कितीतरी मिनिटं त्या आवाजांनी खाल्ली. ज्या मुलीला आवाज म्हणजे मरण असं शिकवलंय तिला भेटायला जायचं आणि उशाशी भोंगा ठेवायचा! डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "सेफ्टी आहे मॅडम, बंद करता येत नाही." तेव्हा रागानं मी घरी येऊन लिहून ठेवलं होतं: औषधाला पैकीच्या पैकी, व्यवस्थेला शून्य.

आता तीन ऋतू गेलेत आणि यातलं बरंच बदलावं लागतंय.

औषधाला मी जास्त मार्क दिले होते. हलकेपणा दुसऱ्या दिवसापासून होता, सकाळी उठून चूल, देवपूजा, ऑफिस, सगळं आपोआप व्हायचं. पण आठवडा-दीड आठवड्यात तो ओसरू लागला आणि प्रत्येक इन्फ्युजननंतर तसंच झालं. टिकलं ते दुसरंच. हलकेपणाच्या त्या दिवसांत मॅडमबरोबर जे बोलणं झालं ते टिकलं. दारावरच्या बाईशी आम्ही बोललो, तिचे आभार मानले, तिला विचारलं की हे काम सोडून काय करशील. हे वाचायला विचित्र वाटतं, मला कळतं. पण पतसंस्थेत कुणी मोठ्यानं बोललं की माझे हात थरथरायचे, ते आता होत नाही. 'फक्त इन्फ्युजन' पॅकेज घेतलं असतं तर आठवड्याभराचं हलकेपण विकत घेऊन हात रिकामेच राहिले असते. या दोन्ही गोष्टी एकत्र करण्यावर अभ्यास अजून थोडाच आहे, म्हणून सगळ्यांना हे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. ज्यांचं बीपी ताब्यात नाही, ज्यांना सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) इतिहास आहे, त्यांनी तर याच्या वाटेला जाऊ नये. वरचेवर घेत राहिलं तर मूत्राशयाला इजा होऊ शकते, हे डॉक्टर सांगतील याची वाट न बघता तुम्हीच विचारा.

व्यवस्थेला शून्य दिलं होतं तेही बदलते, एका सिस्टरमुळं. धारवाडकडची, कन्नड बोलणारी. मी तिला कन्नडमध्येच सगळं सांगितलं, 1986 सुद्धा. तिनं काही न बोलता पुढच्या वेळी सुई कोपरात न लावता मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागात लावली, लांब नळी जोडली, पंप पायाकडं नेला, आवाज सगळ्यात खालच्या पातळीवर आणला आणि स्वतः पंपाजवळ स्टूल घेऊन बसली. अलार्म बंद झाला नाही, व्हायलाही नको. पण पोरीपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी त्या पोरीनं मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही.

इतकी साधी गोष्ट आणि ती हॉस्पिटलच्या कुठल्याच कागदावर नाही. संमतीपत्रावर उलटी, चक्कर, बीपी सगळं आहे. खोलीत आवाज किती असेल, कोण बसेल, दार किती वेळा उघडेल, यातलं काही नाही. ऑपरेशनसाठी घडवलेली खोली बेशुद्ध माणसासाठी असते. इथला पेशंट ऐकत असतो, नेहमीपेक्षा जास्तच ऐकत असतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी समोरासमोर विचारा: सुई कुठं लावणार, पंप कुठं ठेवणार, त्याचा आवाज कमी होतो का, बीपी किती मिनिटांनी घेणार, तुमच्या थेरपिस्ट शेवटपर्यंत खोलीत बसणार का, आणि पुढच्या आठवड्यातली त्यांची वेळ आधीच ठरलीय का. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर दुसरं हॉस्पिटल बघा. आणि कुठल्याच हॉस्पिटलचा खर्च झेपत नसेल, रात्र अवघड जात असेल, तर टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो.