लेसरच्या काही सेकंदांआधीचे अडीच तास

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्यातील एका नेत्र रुग्णालयात मी दोन्ही डोळ्यांची लॅसिक शस्त्रक्रिया, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेचार, डाव्याचा उणे पाच, आणि पाचवीपासून चष्मा. सहा महिने उलटल्यावर मुद्दाम आता लिहीत आहे, कारण पहिल्या आठवड्यातील आनंदाच्या भरात केलेली शिफारस इतरांच्या फारशी उपयोगाची नसते.

या रुग्णालयाला मी सर्वाधिक गुण देते ते शस्त्रक्रियापूर्व तपासणीसाठी. कॉन्टॅक्ट लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकते, म्हणून त्यांनी मला दोन आठवडे आधीपासून लेन्स बंद करायला लावल्या. मग तपासणीचे अडीच तास: ओलावा मोजण्यासाठी खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी, बाहुली मोठी करणारे थेंब, कॉर्नियाच्या चढउतारांचा रंगीत नकाशा. डॉक्टरांनी तो नकाशा संगणकावर उघडून माझ्याच आकड्यांवर सारे समजावून दिले. माझे नेत्रगोल लांबट असल्यामुळे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. डोळ्याची सुमारे दोन तृतीयांश केंद्रित करण्याची शक्ती कॉर्नियात असल्याने त्याचा मध्यभाग किंचित सपाट केला की किरण नेमके पटलावर पडतात. अधिक (प्लस) नंबर असेल तर उलट कडेचा भाग कमी करून मध्याचा उंचवटा वाढवतात, आणि सिलिंडर नंबर असेल, म्हणजे कॉर्नियाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसेल, तर एका दिशेने जास्त ऊतक काढतात. माझ्या डाव्या कॉर्नियाची जाडी ५४० मायक्रॉन होती (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातील ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा, नंबरासाठी सुमारे ७५ मायक्रॉन काढायचे, आणि खाली साडेतीनशेच्या आसपास शिल्लक राहायला हवे. ‘तीनशेच्या खाली आम्ही जात नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

माझ्याबरोबर धाकटी बहीणही तपासून घ्यायला आली होती. तिचा नंबर माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे दुसऱ्या एका केंद्रात केवळ चष्म्याचा नंबर पाहून ‘होऊन जाईल’ म्हणत तिला तारीखही दिली गेली होती. इथे मात्र नकाशात तिच्या कॉर्नियाचा खालचा भाग जास्त उंचावलेला दिसला. हे केराटोकोनसचे, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराचे, प्रारंभिक लक्षण असू शकते आणि अशा डोळ्यावर लॅसिक केल्यास कॉर्निया आणखी फुगत जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रिया नाकारली, डोळे चोळायचे नाहीत असे बजावले आणि सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढायला बोलावले. ‘ताई, मग आधीच्यांनी हे का नाही पाहिले?’ हा तिचा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पापुद्रा तयार करताना डोळ्यावर दाब येतो आणि काही क्षण सगळे अंधारते. पापुद्रा उचलल्यावर समोरचा हिरवा दिवा पाण्यात विरघळल्यासारखा पसरला, दहा-बारा सेकंद टकटक आवाज आला, आणि पापुद्रा परत बसवून ओल्या ब्रशने सारखा केल्यावर तोच दिवा एक ठिपका झाला. जळक्या केसांसारखा वास येतो, पण तेथे काही जळत नसते: एक्सायमर लेसरचे १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण भोवतालचा भाग न भाजता रेणूंचे बंधच तोडतात. ऊतकावरील हा परिणाम १९८१ मध्ये आयबीएममध्ये ज्यांनी पाहिला, त्यांच्यात भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते, हे मला तिथल्या प्रतीक्षाकक्षात वाचत बसले असताना कळले आणि फार बरे वाटले.

गुण कापायचे ते समुपदेशनासाठी. ‘थोडे दिवस कोरडेपणा राहील,’ एवढेच मला सांगण्यात आले होते. पापुद्रा कापताना कॉर्नियातील सूक्ष्म मज्जातंतूही कापले जातात आणि ते पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, हे आधी कळले असते तर मी शाळा सुरू होण्याच्या तोंडावर ही तारीख घेतली नसती. चार महिने खडूच्या धुळीत दर दोन तासांनी थेंब घालावे लागले. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवतीची वलये आता बरीच कमी झाली आहेत, पूर्ण गेलेली नाहीत. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि चाळिशीचा चष्मा या उपचाराने टळत नाही, या दोन गोष्टी मात्र त्यांनी पैसे घेण्यापूर्वीच सांगितल्या.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या सर्व मोजमापांची प्रत न मागता हाती दिली. पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर बदललेल्या कॉर्नियामुळे आत बसवायच्या भिंगाचे गणित अवघड होते आणि तेव्हा हे जुने आकडे लागतात. ती फाइल मी घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.