टी-फोर एकटे, की जोडीला टी-थ्री?

थायरॉईड ग्रंथी मंदावल्यामुळे लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू आहे, टीएसएचही (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) आटोक्यात आले आहे, तरी थकवा जात नाही, आणि म्हणून टी-थ्री हे दुसरे थायरॉईड संप्रेरक जोडून पाहावे का असा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही प्रकार घेतले आहेत.

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे टी-फोर. ते साठवणीचे संप्रेरक आहे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा ठिकाणची विकरे (एन्झाइम) त्याच्या चार आयोडीन अणूंपैकी एक काढून गरजेप्रमाणे टी-थ्री, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे रूप, तयार करतात. निरोगी माणसाच्या रक्तातील सुमारे 80 टक्के टी-थ्री असेच बनते. लिओथायरोनिन हे थेट टी-थ्री असल्याने हा टप्पा वगळला जातो आणि पेशीकेंद्रातील ग्राहींवर (संप्रेरक जिथे जोडले जाते त्या रेणूंवर) त्याचा परिणाम लवकर होतो. पहिले दोन आठवडे मला खरोखरच हुशारी वाटली, हे मान्य केले पाहिजे.

पण टी-फोरचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ, सुमारे 7 दिवसांचे, तर टी-थ्रीचे जेमतेम एका दिवसाचे. शिवाय गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत त्याची रक्तातील पातळी उंचावते. मी दुसरी मात्रा दुपारी दोनला घेत असे. पाचच्या सुमारास रोकडवहीत आकडे मांडताना हात थरथरे, सातचा आकडा एकासारखा उमटे आणि मनगटावर बोट ठेवले की नाडी शंभरच्या पुढे लागे. माझी मात्रा किंचित जास्त असेल, इतरांना हा त्रास होणारही नाही. पण रोज संध्याकाळी छातीतील ती धडधड मला सोसवली नाही.

टी-फोरचाही जाच आहेच. इंदुरात सकाळी चहा-पोह्यांवाचून दिवस उगवत नाही, आणि ही गोळी तर उपाशीपोटी हवी. मी सहाला पाण्याबरोबर ती घेतो आणि कोपऱ्यावरच्या पोह्यांकडे सातनंतरच वळतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी घ्याव्या लागतात. पण एखादा दिवस गोळी चुकली तरी शरीरातील साठा सांभाळून घेतो.

माझ्या थकव्याचे मूळ बऱ्याच अंशी कमी झालेल्या लोहात निघाले, म्हणून आधी ती तपासणी करून घ्यावी असे सुचवतो. त्यानंतरही थकवा राहिला, तर अंतःस्रावतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीपुरते टी-थ्री घेऊन पाहण्यास हरकत नसावी. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये, आणि गर्भवतींनी टी-फोरवरच राहावे, कारण गर्भाच्या मेंदूला आईच्या रक्तातील टी-फोरच लागते.