ऑर्गॅनिक कॉटनचे मेकअप पाउच: कारखाना निवडताना काय तपासलं आणि माल कसा आला

आमचा छोटासा स्किनकेअर ब्रँड आहे. गिफ्ट सेटसोबत द्यायला 800 मेकअप पाउच हवे होते आणि ते खरंच पर्यावरणाचा विचार करून बनवलेले हवे होते, कारण आमच्या गिऱ्हाईकांना आम्ही तेच सांगतो आणि उद्या कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. माल येऊन चार महिने झाले, त्यातला एक पाउच मी स्वतः रोज वापरतेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. तीन जणांशी बोलले होते, त्यातल्या तिसऱ्याला ऑर्डर दिली. नावं कोणाचीच टाकत नाहीये. एकाचं कौतुक नावानिशी आणि बाकीच्यांची तक्रार बिननावाची हे बरं दिसत नाही, आणि तसंही नावापेक्षा काय काय विचारलं ते तुमच्या जास्त कामी येईल.

पहिल्यापासून सुरू करते. त्यांना सर्टिफिकेट मागितलं तर दहा मिनिटांत पीडीएफ आलं, जीओटीएसचं, म्हणजे ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. मी खूश. माझी एक मैत्रीण गारमेंटमध्ये बरीच वर्षं आहे, तिला पाठवलं तर तिने एवढंच विचारलं, "अगं, वरचं नाव वाचलंस का?" वाचलं, तर ते एका सूतगिरणीचं नाव होतं आणि खाली प्रॉडक्टच्या यादीत फक्त सूत. जीओटीएसच्या वेबसाइटवर सर्टिफाइड कंपन्यांची यादी कोणालाही शोधता येते, तिथे जाऊन बघितलं तर गिरणी खरी, सर्टिफिकेट खरं, मुदतसुद्धा शिल्लक. फक्त त्या गिरणीचा आणि मला विकायच्या पाउचचा संबंध आहे असं कुठेच दिसत नव्हतं. मधे विणकाम, धुलाई, कटिंग, शिलाई, एवढ्या सगळ्या पायऱ्या, आणि त्यातल्या एकाचाही कागद नाही.

तेव्हा मला नीट कळलं की हे कागद दोन प्रकारचे असतात आणि आपण सगळे पहिलाच बघून समाधान मानतो. एक असतं स्कोप सर्टिफिकेट. त्याचा अर्थ या कारखान्याला या या वस्तू त्या स्टँडर्डप्रमाणे बनवता येतात, बस. त्याच कारखान्यात शेजारच्या टेबलावर साधं कापडही कापलं जात असतं आणि त्यात चुकीचं काही नाही. दुसरं असतं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, सगळे टीसीच म्हणतात, ते एखाद्या ठरावीक मालाच्या खेपेसाठी निघतं, त्यात विकणारा, घेणारा, माल किती, सगळं असतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट कारखान्याचं असतं, माझ्या 800 पाउचबद्दल बोलतं ते टीसी. म्हणून मग मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला की माझ्या मालासोबत टीसी मिळेल का.

पहिल्याने सांगितलं, "मॅडम, टीसी कोणीच मागत नाही." मी परत विचारलं, त्यानंतर उत्तरच नाही.

दुसऱ्याचं बांबूचं कापड होतं, हाताला इतकं मऊ की मोह होत होता. पण बाजारात बांबूचं म्हणून जे मऊ कापड मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा धागा काढलेला, आणि त्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड लागतं जे तिथे काम करणाऱ्यांसाठी चांगलंच घातक आहे. प्रक्रिया कुठे होते, रसायन परत वापरात घेतात का, विचारलं तर उत्तर एकच, बांबू नॅचरल आहे मॅडम. त्यांच्याकडे रिसायकल्ड पॉलिस्टरचाही पर्याय होता, त्यावर जीआरएस लिहिलेलं. त्यात हे लक्षात ठेवा की ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डमध्ये माल 20 टक्के रिसायकल्ड असला तरी बसतो, वस्तूवर त्याचा लोगो लावायचा असेल तर मात्र किमान 50 टक्के लागतो. त्यामुळे नुसतं "रिसायकल्ड आहे" एवढ्यावर थांबू नका, किती टक्के ते विचारा. मी विचारलं, आकडा मिळाला नाही, मी पुढे गेले.

तिसरा, म्हणजे ज्यांना ऑर्डर दिली ते. त्यांच्याकडच्या मर्चंडायझर ताईंनी, म्हणजे गिऱ्हाईकांच्या ऑर्डर सांभाळणाऱ्या ताईंनी, टीसीच्या प्रश्नाला नुसतं हो म्हणून सोडून दिलं नाही. म्हणाल्या, "मिळेल, पण कापड उचलायच्या आधी सांगा, नंतर सांगितलंत तर नाही देता येणार, आणि माल निघाल्यावर हातात यायला काही आठवडे जातात, त्याचा खर्च वेगळा." हे ऐकून मला खरं तर हायसं वाटलं. ज्याने हे काम केलंय त्यालाच त्यातली अडचण माहीत असते ना. त्यांच्या स्कोप सर्टिफिकेटवर त्यांचंच नाव, त्यांचाच पत्ता, आणि यादीत बॅगा होत्या. मग व्हिडिओ कॉल केला आणि कॉन्फरन्स रूम नको, कटिंग टेबल दाखवा म्हटलं, तर त्या फोन हातात घेऊन तशाच चालत गेल्या. शिलाईच्या मशिनी, कापडाचे ताके, ऑर्गॅनिकच्या ताक्यांना लावलेल्या वेगळ्या चिठ्ठ्या, सगळं दिसलं. मधल्या दलालाशी बोलतोय की खुद्द कारखान्याशी, हे त्या पाच मिनिटांत कळतं.

कामगारांचं विचारलं तेव्हा त्यांनी स्मेटा ऑडिटचा पूर्ण रिपोर्ट पाठवला. बरेच जण "आम्ही स्मेटा सर्टिफाइड" म्हणतात, पण स्मेटा ही ऑडिट करायची पद्धत आहे, त्यात पास-नापास नसतं, रिपोर्ट असतो आणि काय सुधारायचं त्याची यादी असते. यांच्या यादीत दोन गोष्टी होत्या, एका दाराजवळ माल रचून ठेवलेला आणि ओव्हरटाइमच्या नोंदी अपुऱ्या. दोन्ही नंतर दुरुस्त केल्याची तारीख पुढे होती. त्या यादीमुळे माझा विश्वास वाढला. एकही त्रुटी नसलेला रिपोर्ट आला असता तर मी जास्त घाबरले असते.

आता सॅम्पल. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा, कारण कागदावर पकडता येत नाही ते हातात पकडता येतं.

कापड 340 जीएसएमचं कॅनव्हास ठरलं होतं, म्हणजे एका चौरस मीटरला 340 ग्रॅम. हे घरी मोजता येतं. पट्टी धरून 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, वजन करायचं आणि ग्रॅमला 100 ने गुणायचं, की झालं जीएसएम. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, सोनाराकडे असतो तसा पॉइंटमधलं दाखवणारा छोटा काटा लागतो. पहिल्या कंपनीचं सॅम्पल पण तेवढ्याच जीएसएमचं म्हणून आलेलं, त्याचा चौकोन भरला 2.6 ग्रॅम, म्हणजे 260. खळ भरपूर असल्यामुळे हाताला जाड लागत होतं, एकदा धुतलं की लोळागोळा. यांचा चौकोन 3.3 ग्रॅम. थोडा कमी, पण पाच टक्के इकडेतिकडे चालतं, ते मी मान्य केलं.

मग धागे काढून जाळून बघितले. कॉटन जळताना जळक्या कागदासारखा वास येतो आणि राख मऊ, बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. यांच्या बाहेरच्या कापडाची राख मऊ, शिलाईच्या दोऱ्याचा मणी. दोऱ्याबद्दल विचारायला फोन करणार होते तर कोटेशनमध्ये आधीच लिहिलेलं सापडलं, "दोरा आणि चेनची पट्टी पॉलिस्टर". न विचारता लिहिलं होतं! चेन वायकेके या चेन बनवणाऱ्या कंपनीची नॅट्युलॉन, जिची पट्टी रिसायकल्ड पॉलिस्टरची असते. एक सांगते, ऑर्गॅनिक आहे की नाही हे जाळून कळत नाही, कॉटन आहे की नाही एवढंच कळतं. ऑर्गॅनिकसाठी कागदच लागतो.

अस्तरावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. मेकअपच्या पाउचमध्ये फाउंडेशन सांडणार, तेल गळणार, म्हणून सगळ्यांना पुसता येईल असं अस्तर हवं असतं आणि नेमकं तिथूनच प्लास्टिक आत शिरतं. बाहेर ऑर्गॅनिक कॉटन आणि आत पीव्हीसी, असे कितीतरी पाउच इको-फ्रेंडली म्हणून विकले जातात. मी ताईंना म्हटलं की पाणी आत जाणार नाही पण प्लास्टिकही नसेल असं काहीतरी द्या ना. त्या म्हणाल्या, "मॅडम, रोज सांडलेलं पुसून काढायचं तर कोटिंग हवं, आणि आमच्याकडे जी कोटिंगं आहेत ती पीयू काय, टीपीयू काय, शेवटी प्लास्टिकच. तुम्ही ठरवा, पुसायचंय की धुवायचंय." मी धुवायचं ठरवलं. आत मांजरपाटासारखं पण घट्ट विणीचं कॉटन घेतलं, पाउच उलटा करून सरळ धुता येतो. तेलाचा डाग थोडा राहतो, खोटं कशाला सांगू, पण दोरा आणि चेन सोडली तर पूर्ण पाउच कॉटनचा राहिला आणि वर जे लिहिलंय ते खरं राहिलं.

याचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. न धुतलेलं कॅनव्हास पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं आणि पॉलिस्टरचं अस्तर आटत नाही, मग बाहेरचं कापड लहान, आतलं मोठं, आणि पाउच गोळा होतो. पहिल्या कंपनीच्या सॅम्पलचं अगदी हेच झालं, चेनपाशी लाटा आल्या. यांच्याकडे कापड आधी धुऊन मग कापतात. तीन वेळा धुतल्यावर 20 सेंटिमीटरची रुंदी 19.6 झाली, ठीक आहे.

लोगोची शाईही विचाराच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जी प्लास्टिसॉल शाई सर्रास वापरतात ती पीव्हीसीची असते आणि जीओटीएसमध्ये पीव्हीसी चालत नाही. म्हणजे सगळं ऑर्गॅनिक करून शेवटी एका लोगोपायी मुसळ केरात. यांनी वॉटरबेस्ड शाई वापरली, कडा किंचित कमी धारदार आल्या, मला चालल्या. गडद हिरव्या रंगाचंही एक सॅम्पल मागवलं होतं, ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासलं तर रुमालावर स्पष्ट हिरवट पट्टा. म्हणून बिनरंगाचं, कापडाच्या मूळ रंगाचंच घेतलं. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 चं लेबल या कापडाला आहे, पण ते हानिकारक रसायनांच्या तपासणीपुरतं, ऑर्गॅनिकशी त्याचा संबंध नाही. लोक दोन्ही एकच समजतात म्हणून लिहिलं.

शिवण आईला दाखवली, तिने आयुष्यभर शिवलंय. तिने चेनच्या दोन्ही टोकांना अंगठ्याने ओढून बघितलं आणि म्हणाली, "इथे दुहेरी टीप घालायला सांग, उसवलं तर इथूनच उसवेल." सांगितलं, त्यांनी केलं, आणि त्या सुधारलेल्या सॅम्पलवर दोघांनी सह्या करून एकेक नग ठेवून घेतला. पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा असं ऑर्डरमध्ये लिहून घेतलं. आईचं म्हणणं मला इतकं महत्त्वाचं वाटलं कारण टिकणं हीच यातली खरी गोष्ट आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चा अभ्यास आहे, त्यात सगळे निकष धरले तर ऑर्गॅनिक कॉटनची पिशवी प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला यायला 20,000 वेळा वापरावी लागते असं निघालं. ते पिशव्यांबद्दल आहे आणि त्या आकड्यावर वादही आहेत, पण सहा महिन्यांत चेन तुटणारा ऑर्गॅनिक पाउच म्हणजे नुसता कापूस आणि पाणी वाया, हे मला पटलं.

माल तयार झाल्यावर, उरलेले पैसे देण्याआधी, तपासणी करून घेतली. आयएसओ 2859-1, म्हणजे मालातले थोडे नग काढून तपासायचं स्टँडर्ड, त्याच्या तक्त्याप्रमाणे 800 नगांच्या मालात 80 नग उघडून बघायचे. मोठे दोष 2.5 च्या एक्यूएलने (एक्यूएल म्हणजे किती दोष चालतील त्याची ठरलेली मर्यादा), म्हणजे 5 पर्यंत चालतात, सहावा निघाला की माल नापास. छोटे दोष 4.0 ने, 7 पर्यंत चालतात. मोठे निघाले 3, छोटे निघाले 9, जवळजवळ सगळे लोंबणारे दोरे. म्हणजे नापास. मला वाटलं आता वाद होणार, पण त्यांनी सगळेच्या सगळे 800 परत टेबलावर घेऊन दोरे कापले, मोठे दोष असलेले बदलून दिले आणि परत तपासू दिलं. यात पाच दिवस गेले. पैसे आधीच दिले असते तर हे इतकं सरळ झालं असतं का, मला शंका आहे, म्हणून 30 टक्के आधी आणि 70 टक्के तपासणीनंतर हे धरून ठेवा.

तक्रारी पण आहेत. लेबलचं डिझाइन त्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावं लागतं हे त्यांनी फार उशिरा सांगितलं, त्यात आमचे दोन आठवडे गेले. प्रत्येक पाउच वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला, मी कागदाची पट्टी सांगितली होती. ते बोलण्यात ठरलं होतं, ऑर्डरमध्ये लिहिलं नव्हतं, त्यामुळे भांडता आलं नाही, पण वाईट फार वाटलं. आणि टीसी यायला सात आठवडे लागले, तीन वेळा आठवण करून द्यावी लागली. आलं तेव्हा बसून सगळं ताडून बघितलं, आमचं नाव, नग 800, वजन, इनव्हॉइस नंबर, सगळं जुळलं.

पाचपैकी चार देईन. दुसरी ऑर्डर त्यांनाच देतेय, 1,200 नगांची, आणि यावेळी पॅकिंगचं वाक्य ऑर्डरमध्ये सगळ्यात वर लिहिलंय.