पंपवाला एअर बेड: आईच्या पॅरालिसिसनंतर पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

पंपाला जिथं नळी बसते ते प्लॅस्टिकचं नोझल गेल्या आठवड्यात तुटलं. मिरजेत ज्या सर्जिकल दुकानातून बेड घेतला तिथं पंप घेऊन गेलो, तर म्हणाले, "पंपाच्या मोटरची वॉरंटी आहे, नोझलची नाही." सुटा पार्ट मिळत नाही, नवा पंप घ्या. म्हणजे अख्ख्या बेडच्या निम्म्याहून जास्त पैसे एका बोटभर प्लॅस्टिकसाठी! तिथं बराच वाद घातला, उपयोग शून्य. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण पॅरालिसिसचा पेशंट घरी आणताना बहुतेकांना हाच बेड आधी सांगतात आणि त्या धावपळीत दुकानात कोणी काही विचारत नाही.

आईच्या मेंदूत उजव्या बाजूला गुठळी झाली, त्यामुळे डावा हात-पाय गेला. सांगलीला घरी आणलं तेव्हा तिला कूसही बदलता येत नव्हती. असं माणूस एकाच जागी पडून राहिलं की माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी दाबाखाली रक्त न मिळाल्यानं खराब होते. हा बेड म्हणजे खाटेवर अंथरायची हवेची गादी, तिचे फुगे पंपाच्या हवेनं आलटूनपालटून फुगतात आणि बसतात, साधारण दहा मिनिटांत एक फेरा होतो. ते काम त्यानं चोख केलं. आजवर आईला एकही बेडसोर नाही.

अर्थात सगळं श्रेय बेडचं नाही. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. रात्रीची पाळी अण्णांची. सकाळी अंग पुसताना ते माकडहाडावर बोट दाबून बघतात. लाल झालेली जागा दाबल्यावर फिकी पडली तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर जखमेची सुरुवात समजायची. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथं जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते हातानं चाचपायचं. सांभाळायला येणाऱ्या मावशी मायेनं वर दुहेरी गोधडी घालायच्या, ती काढायला लावली. जाड थर घातला की बेडचा उपयोगच राहत नाही. एक पातळ सुती चादर, तीही सैल.

लाइटचं म्हणाल तर पंपाला आठ-दहा वॅटच लागतात, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्याच पॉइंटला ठेवा.

आता माझी खरी तक्रार. या पंपाला अलार्म नाही! आईला गिळायला त्रास होतो, ठसका लागू नये म्हणून प्रत्येक जेवणाला खाटेची डोक्याकडची बाजू हँडलनं उचलावी लागते. दर वेळी गादी पायाकडे घसरते, नळीला ओढ बसते आणि ती निसटते. पंप मात्र तसाच गुणगुणत राहतो, दिवाही हिरवाच. एकदा रात्री अशीच नळी सुटली आणि पहाटेपर्यंत आई हवा गेलेल्या गादीवर होती. डाव्या बाजूला तिला धड जाणवत नाही, मग ती सांगणार कशी? ज्याला दुखलेलं कळत नाही अशाच माणसासाठी बनवलेल्या वस्तूला हवा गेल्याची सूचना देता येऊ नये, याचा मला आजही संताप येतो. थोडे जास्त पैसे घातले की हवा कमी झाल्यावर वाजणारे पंप मिळतात, हे दुकानदारानं आपणहून सांगायला हवं होतं. आता अण्णा रात्री उठले की आईच्या कमरेखाली, गादीच्या खालून तळहात घालून बघतात. हात आणि अंग यांच्यामध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे.

एवढं होऊनही मी चार स्टार देणार होतो. मग फिजिओ घरी यायला लागले आणि मत बदललं. झटक्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा होते, आणि नेमक्या त्याच काळात ही गादी आडवी येते. काठावर बसवलं की कड दबते, आईचा डावीकडे तोल आधीच नाही, ती घसरायला लागते. कुशीवर वळायचा सराव करायला रेटा द्यावा तर खाली घट्ट काही नाही. फिजिओंनी स्पष्ट सांगितलं, व्यायाम याच्यावर नको. तेव्हापासून दिवसा आई लाकडी दिवाणावर, घट्ट कापसाच्या गादीवर. तळवे जमिनीला टेकतील अशी उंची, डाव्या हाताखाली उशी, आणि उठवताना तो हात कोणीही ओढायचा नाही, नाहीतर खांदा निखळतो. महिन्याभरात ती आधाराशिवाय बसायला लागली. एअर बेड आता फक्त रात्रीसाठी.

त्यामुळे माझे तीन स्टार. पेशंट पूर्ण पडून असेल तर जरूर घ्या. बसायला लागला असेल तर आधी फिजिओंना विचारा.

नोझलचं काम शेवटी तासगावात झालं. माझा मावसभाऊ द्राक्षबागांच्या फवारणी पंपांची दुरुस्ती करतो, त्यानं पितळी नोझल बसवून दिलं, नळीला क्लिपही लावली. अजून तरी निसटलेली नाही. पुढचा पंप मात्र अलार्मवालाच घेणार, आणि नोझल सुटं मिळेल असं बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देणार नाही.